धुऱ्यावरची चिंच

माझे बाबा आणि काका वर्धेकडच्या एका खेड्यातले. बाबांना रायपूरला रेल्वेच्या वॅगन कारखान्यात काम लागलं, मागून काका आला आणि एका कॉलेजात चपराशी झाला. दोघांनी मिळून तेलीबांध्याच्या अंगाला एक जागा घेतली. तेव्हा तिथं धानाची शेतं होती आणि संध्याकाळी रिक्षावाला तिकडे यायला तयार होत नसे. रजिस्ट्री एकच झाली, दोघांच्या नावानं. पुढे लग्नं झाली, एका जागेत दोन घरं उभी राहिली आणि मधे भिंत घालायची का असा विषय निघाला. बाबा म्हणाले, "भावाभावात विटा कशाले? धुऱ्यावर झाड लावू."

शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. बाबांच्या गावात दोन भावांचं शेत वाटलं की धुऱ्यावर एक झाड लावायचं आणि दोघांनी त्याला एक-एक लोटा पाणी घालायचं, अशी रीत होती. झाडाच्या अलीकडे तुझं, पलीकडे माझं. कागद कोणी करत नसे. तीच रीत या दोघांनी रायपुरात चालवली. वाटणी मात्र सारखी नव्हती. काकाच्या वाट्याला दोन रस्त्यांचा कोपरा आला होता आणि कोपऱ्याला भाव जास्त, म्हणून धुरा अर्ध्यावर न धरता आठ फूट काकाच्या बाजूला सरकवून धरला. काकाच्याच तोंडचं होतं ते: "दादा, कोपरा मले, आठ फूट तुले." असं ठरल्याला ते झाड सोडून दुसरा पुरावा नव्हता.

पहिलं झाड कडुनिंबाचं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना ते वादळात पडलं. त्याच खड्ड्यात बाबांनी चिंचेचं रोप लावलं. काकू म्हणाली, "चिंचेवर भूत राहते म्हणतात." बाबा म्हणाले, "राहू दे ना, भाडं घेऊ त्याच्यापासून." दोघा भावांनी आपापला लोटा ओतला. मी ओट्यावर पेपरचा अभ्यास करत बसले होते, मी पाहिलं आहे.

झाडापासून आमच्या भिंतीपर्यंतची ती आठ फूट जागा. स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी तिच्यात उघडायची. आईचा धुण्याचा दगड तिथं होता. बाबा मला म्हणायचे, "नोकरी लागू दे, इथं तुही खोली काढू. टेबल, खुर्ची, पंखा. अभ्यासाले." मी म्हणायचे, नोकरी लागल्यावर कसला अभ्यास? ते म्हणायचे, "मंग नुसती बसजो." खोली व्हायच्या आधी बाबा गेले. मला भाऊ-बहीण नाही. ती खोली मी बांधणार, हे मात्र माझ्या डोक्यात पक्कं होतं.

काकाबद्दल चांगलं आधी सांगते, कारण ते खरं आहे. बारावी झाल्यावर बाबा म्हणाले होते, झालं तेवढं पुष्कळ झालं. बाबांना उलट बोलणारं घरात कोणी नव्हतं. काका बोलला. स्वतःच्या कॉलेजातून फॉर्म घेऊन आला, बाबांपुढे ठेवला आणि म्हणाला, "दादा, साहेबलोकांची पोट्टी मी रोज पाहतो तिथं. अर्धीअधिक ढ आहेत. आपली पोट्टी त्यांच्याहून हुशार आहे. कर सही." बाबांनी केली. तीन वर्षं मी काकाच्या सायकलवर मागे बसून कॉलेजात गेले. गेटवर मला उतरवताना तो दरवानाला सांगायचा, "भतीजी है मेरी, बी.ए. कर रही है." दरवान तिन्ही वर्षं तोच होता.

आमच्या दोन्ही घरांत मी पहिली ग्रॅज्युएट. हे मी कधी लपवलं नाही. विजेचं बिल, रेशनकार्ड, बाबांच्या पेन्शनचे कागद, काकाच्या मुलांचे फॉर्म, सगळं माझ्या हातून जायचं. आई मधेच काही म्हणाली तर मी म्हणायचे, "आई, तुला नाही समजत त्यातलं." मला राग नसायचा. खरंच तसं वाटायचं.

मग राज्य नवं झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं. ज्या इमारतीत जागा मिळेल तिथं कचेऱ्या बसल्या. भोपाळहून पेट्याच्या पेट्या भरून फायली आल्या आणि त्या लावायला माणसं लागत होती. मला एका संचालनालयात क्लार्कची नोकरी मिळाली. भोपाळहूनच आलेल्या एका साहेबांच्या पत्नी रविवारी बंगल्यावर बोन्साय शिकवायच्या. ऑफिसच्या नोटीस बोर्डावर तशी चिठ्ठी लागली. बाकीच्यांनी वाचून सोडली, मी नाव दिलं.

त्या वर्गाला येणाऱ्या बायका गाडीतून यायच्या, मी एकटी लुनावर. पण मूळ कापताना जे हलायचे नाहीत ते माझेच हात होते. मॅडम सगळ्यांना सांगायच्या, "आप लोग देखिए, ये कैसे काटती हैं." घरी येऊन मी हे आईला सांगितलं. काकाला दोनदा सांगितलं.

चिंच तेव्हा पाचेक वर्षांची झाली असेल, पण उंची कमरेएवढीच. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बकऱ्या शेंडा फुटला की खाऊन जात. खोड मात्र मनगटाएवढं जाड झालेलं, वाकडं, गाठीगाठींचं. मी मॅडमना सहज सांगितलं तर त्या हसल्या. "बकरियों ने आपका आधा काम कर दिया. ऐसा पेड़ लोग ढूँढते फिरते हैं." तरी ते झाड काढायचं माझ्या मनात आलं नव्हतं. धुऱ्यावरचं आहे, ते तिथंच राहायचं, एवढं मला कळत होतं.

ते मनात घातलं काकानं. एका संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर आला, चहा प्यायला आणि अंगणाकडे पाहत म्हणाला, "बाई, तू एवढं शिकून राहिली ते बोनसाई का काय, मंग बाजारातून रोपं कायले आणतं? घरचं झाड आहे ना हे. लाव कुंडीत."

"काका, धुऱ्यावरचं आहे ते."

"मंग? धुरा तुले माहीत आहे, मले माहीत आहे. झाडाले काय विचारायचं त्यात? अन् चिंच आहे बाप्पा, उद्या वाढली तं दोन्ही घरांचा पाया फोडीन. कुंडीत ठेवशील तं दादाची आठवण राहीन, कोणाले नडणार बी नाही." कप खाली ठेवून तो आणखी म्हणाला, "आमच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्राच्या प्रोफेसरले बी नाही येत हे. तुले येते."

या शेवटच्या वाक्यानं काम झालं. त्याच महिन्यात काकाच्या मोठ्या मुलाचं लग्न ठरलं होतं. तो उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात रोलिंग मिलमध्ये कामाला होता आणि काकाच्या घरात नव्या जोडप्याला द्यायला खोली नव्हती. हे मला माहीत होतं. ती दोन माहितीची टोकं मी एकमेकांजवळ आणली नाहीत.

चिंच एकदम उपटता येत नाही. तिचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि ते एका झटक्यात तोडलं तर झाड मरतं. मी शिकल्याप्रमाणे केलं. उन्हाळा लागायच्या आधी एका अंगानं चर खणून त्या बाजूची मुळं छाटली, चरात वाळू आणि पानांचं खत भरलं आणि बारीक मुळं फुटायला सोडून दिलं. पाऊस सुरू झाल्यावर दुसरं अंग केलं. आणखी तीन आठवड्यांनी खालून सोटमूळ कापायला घेतलं. आई बादली घेऊन उभी होती, मुळं वाळू नयेत म्हणून पाणी शिंपडायला. ती म्हणाली, "तिथंच असू दिलं तं नाही चालत का?"

मी खड्ड्यात गुडघ्यावर बसले होते. मी तिला सोटमुळाचं आणि तंतुमुळांचं सगळं समजावून सांगितलं. कुंडी का उथळ असते तेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पाणी शिंपडलं.

झाड ओल्या पोत्यात गुंडाळून मी ओट्यावर नेलं. विटांचा चुरा, वाळू, शेणखत, तळाला जाळी, तांब्याच्या तारेनं मुळं कुंडीला बांधली. तोवर काकानं खड्डा बुजवला. "तू झाडाकडे पाह्य, हे मी करतो," म्हणाला. फावड्यानं माती लोटली आणि पायानं दाबून दाबून सपाट केली. मला वाटलं, केवढं करतो हा माणूस.

चिंच जगली. तिसऱ्या आठवड्यात खोडावर पोपटी फुटवे दिसले. काका आपल्या कॉलेजातल्या दोघांना घेऊन आला, कुंडी दाखवून म्हणाला, "माह्या पोट्टीनं केलं." मॅडमनी वर्गात माझं कौतुक केलं. माझे ते चार महिने फार चांगले गेले.

दिवाळीनंतर सुट्टीच्या एका दिवशी मी घरी होते. पटवारी, म्हणजे इकडचा तलाठी, आला. बरोबर काका आणि त्याचा मोठा मुलगा, माझा चुलतभाऊ, हातात मोजायची साखळी. काका म्हणाला, नकाशा पास करायचा आहे, त्यासाठी नापजोख लागते. यात मला काही वावगं वाटलं नाही. मी उलट पटवाऱ्याला चहा विचारला.

त्यानं रजिस्ट्री वाचली. "दो हिस्सेदार. बराबर-बराबर."

मी म्हटलं, बरोबरीचं नाही. कोपरा काकाचा, म्हणून आठ फूट आमच्याकडे जास्त आहेत.

"कहाँ लिखा है?"

"लिखा नहीं है. पेड़ है."

"कौन सा पेड़?"

आम्ही सगळ्यांनी त्या जागेकडे पाहिलं. तिथं काही नव्हतं. काकूनं सारवलं होतं आणि वर रांगोळीही काढली होती. मी ओट्यावरच्या कुंडीकडे हात केला. पटवारी थोडा वेळ कुंडीकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे.

"मैडम, बाउंड्री गमले में नहीं रखते."

चुलतभाऊ मोठ्यानं हसला. मी त्याच्याकडे पाहिलं तर म्हणाला, "दीदी, मैं क्या बोलूँ, वो मज़ाक कर रहे हैं."

"काका," मी म्हटलं, "सांग ना यांना. कोपरा मले, आठ फूट तुले, हे तूच म्हटलं होतं."

काका खाली वाकून साखळीचा पीळ सोडवत होता. त्या साखळीला पीळ पडलेला मला तरी दिसत नव्हता. न उठताच म्हणाला, "जुन्या गोष्टी आहेत बाई. कागदावर जे आहे ते आहे."

पटवाऱ्यानं अर्ध्यावर चुन्याची रेघ ओढली. ती आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून गेली.

त्या दिवशी संध्याकाळी मी काकाच्या घरी गेले. काकू आत निघून गेली. मी उभ्या उभ्याच विचारलं, "तू झाड याच्यासाठी काढायला लावलं का?"

"काढलं कोणी? मी हात बी लावला का झाडाले?"

"काका!"

"बस खाली. समजून घे." तो हळू आवाजात बोलत होता, मला फॉर्म कसा भरायचा ते सांगायचा तसाच. "पोराचं लग्न आहे. सून कुठं ठेवू? अन् तू काय इथं राहणार आहे का? आज ना उद्या लग्न करून जाशील. वहिनी आहेत तोवर ठीक आहे. मंग दादाच्या घामाची जागा कोण्या परक्या जावयाच्या घशात घालू का मी?"

"मी तिथं खोली बांधणार आहे. बाबांनी सांगितलं होतं."

"दादानं सांगितलं, दादा गेला."

"मी तहसिलीत जाईन."

"हव, जाय ना. साक्षीले कोण नेशील? आठ फूट ठरले तेव्हा दोघंच होतो. एक मेला. दुसरा मी." तेवढं बोलून तो मात्र चिडला. "शिकवलं तुले मी. हिस्सा मागाले नाही शिकवलं."

मी घरी परत आले. त्या वाक्यात मला सगळ्यात जास्त काय लागलं ते नीट सांगते. जागेचं नंतर. फॉर्म आणला तेव्हा तो मला आपली पोट्टी म्हणाला होता. मी तीन वर्षं सायकलवर मागे बसून त्याच्या पाठीकडे पाहत गेले होते आणि मला वाटत होतं, बाबांना नाही तेवढी माझी किंमत याला आहे. ती किंमत होतीच. फक्त ती चुन्याच्या रेघेच्या अलीकडे संपत होती, आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मला नव्हतं. त्या दिवसापासून मी काकाला तुम्ही म्हणायला लागले. त्याला ते कळलं.

आठ दिवसांनी तो टाईप केलेला बटवारानामा, वाटणीचा कागद, घेऊन आला. बाबांच्या नावाच्या जागी आता आई होती, मी होते. त्यानं कागद माझ्या हातात दिला. "वाच. तुह्याशिवाय कोण वाचणार?" हे टोचून म्हणाला की सवयीनं, मला आजही सांगता येणार नाही. मी पूर्ण वाचला. बराबर-बराबर. मी आईला म्हटलं, "आई, सही करायची नाही. मी करणार नाही, तूही नको करू. आपण दोघींनी नाही केली तर हे काही बांधू शकत नाहीत."

आई काकाकडे पाहत होती. तिनं विचारलं, "लग्नाची तारीख निघाली का भाऊजी?"

"निघाली वहिनी. माघात."

तिनं पदर सारखा केला, काकाच्या खिशातला पेन मागून घेतला आणि आपलं नाव लिहिलं. पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं, तिला वेळ लागला. मग पेन माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. तो तिनं माझ्या मांडीवर ठेवला आणि चहा करायला उठली. काका बसून होता. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. मी अर्धा तास तशीच बसले असेन. शेवटी केली सही. आईच्या नावाखाली एकटीनं आडून बसायची माझी हिंमत झाली नाही, हेही लिहून ठेवते.

भिंत पंधरा दिवसांत उभी राहिली, आमच्या खिडकीपासून हातभर अंतरावर. पलीकडे खोली झाली, पंखा लागला. लग्न झालं, मी जेवायला गेले. धुण्याचा दगड मागच्या बाजूला नेला. स्वयंपाकघरात दिवसाही बल्ब लावावा लागू लागला. कुंडीतल्या चिंचेला मी पाणी घालत होते, कारण झाडानं काही केलेलं नव्हतं. वर्गाला जाणं मात्र सोडलं. मॅडमनी निरोप पाठवला, प्रदर्शनात तुमचं झाड ठेवू. मी कळवलं, नको.

मग उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी आई बल्बखाली तांदूळ निवडत बसली होती. मी पाणी प्यायला आत गेले. भिंतीपलीकडून नव्या सुनेचं हसणं येत होतं. मला इतके महिने विचारायचं होतं ते विचारलं. "आई, तू सही काहून केली?"

"मंग काय करणार होती? झाड तं गेलंच होतं." तिनं एक खडा बाजूला टाकला. "मले तं तेव्हाच समजलं होतं, भाऊजी झाड काहून काढायला लावून राहिले ते."

"केव्हा?"

"ओट्यावर बसून चहा प्याले, तेव्हा. पोराचं लग्न ठरलं अन् याले झाड आठवलं. म्हणे पाया फोडीन. पाच वर्षांत बकऱ्यांनी शेंडा वर येऊ दिला नाही, ते काय पाया फोडते?"

मी तांब्या खाली ठेवला. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"म्हटलं होतं ना. तिथंच असू दे म्हटलं होतं."

"असं नसतं सांगायचं! नीट सांगायचं, आई. धुरा जाईल, जागा जाईल, असं!"

ती सूप हलवायची थांबली. चिडलेली नव्हती. मी तिला काहीतरी साधं विचारलं असावं तशी माझ्याकडे पाहून म्हणाली, "एवढी शिकलेली आहेस तू. मले वाटलं, तुले माह्याआधीच समजलं असन. समजूनच काढून राहिली असन, काकावर जीव आहे म्हणून. मंग मी मधात कायले बोलू? बोलली असती तं तू म्हटलं असतं, आई तुले नाही समजत."

काकानं फसवलं ते फसवलं, त्याला मी कधी माफ केलं नाही, करणारही नाही. पण त्याला मी निदान तोंडावर विचारू शकले. ही माझ्या डोक्यावर उभी राहून मुळांवर पाणी शिंपडत होती, आणि हिला माहीत होतं. हिच्यावर रागवायला मला जागा सापडत नव्हती, आणि राग तर येत होता, काकाचा आला त्याहून जास्त.

तांदूळ निवडून झाले. आईनं खडे मुठीत घेतले, सूप भिंतीला टेकवलं आणि उठताना म्हणाली, "बल्ब बंद कर, काम झालं."

मी बंद केला नाही. मला तिचा चेहरा पाहायचा होता.